‘वयच झालं आता’ आणि ‘माझं काय, मी ठीक आहे’: घरी आई-वडिलांना सांभाळायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी

मागच्या महिन्यात संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. मुलगी म्हणजे चाळिशीची, इथे सांगलीतच एका शाळेत शिक्षिका. चप्पल न काढताच म्हणाली, “काकू, बाबा रात्री दोनला उठून कपाट उपसतात. आई म्हणते, वयच झालं आता, चालायचंच. तुम्ही सासूबाईंचं एवढी वर्षं केलंत, मला सांगा ना, सुरुवात कुठून करू?”

सासूबाईंना विस्मरणाचा आजार होता, डिमेन्शिया. नऊ वर्षं त्या त्यात होत्या. त्यातली पहिली दोन वर्षं माझी चुकण्यातच गेली, आणि त्याला कारण झाली दोन वाक्यं. एक आम्ही सगळे त्यांच्याबद्दल म्हणायचो, “वयच झालं आता.” दुसरं मी स्वतःबद्दल म्हणायचे, “माझं काय, मी ठीक आहे.” पहिल्या वाक्यामुळे बरी होण्यासारखी दुखणी अंगावर काढली जातात आणि दुसऱ्यामुळे सांभाळणारं माणूस एक दिवस आडवं होतं. त्या मुलीला त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

पुण्याकडच्या स्वमदत गटांत आजारी माणसाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याचं करणाऱ्याला ‘शुभंकर’. मला हे शब्द फार जवळचे वाटतात. पेशंट म्हटलं की माणूस कॉटवर पडलेलाच दिसतो. पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

आधी एक शंभर पानी वही

बिघाड अचानक झाला असेल तर त्याच दिवशी दवाखाना, ते पुढे येतंच. हळूहळू होत असेल तर डॉक्टर गाठायच्या आधी दोन आठवडे वही लिहा. सगळं घर बोलून मोकळं होतं, “हल्ली फार विसरतात”, “हल्ली चिडतात.” डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. त्यांना हवं असतं ते केव्हापासून, किती वेळा आणि कशानंतर. मी लिहिलेली एक नोंद देते:

‘१४ तारीख. पहाटे ३ ला उठल्या, दूधवाला आला नाही म्हणाल्या. शौचाला झालं नाही, तिसरा दिवस. दुपारी भाताचे दोनच घास. चारला छान बोलल्या, माहेरच्या विहिरीचं सांगितलं. साडेसहाला पिशवी भरली.’

एवढंच. पाच ओळी पुरतात. झोप, खाणं, पोट-लघवी, मूड, पडणं-धडपडणं, आणि नवीन गोळी सुरू केली असेल तर ती. चांगल्या वेळाही लिहा, कारण दिवसाचा कोणता काळ बरा जातो हे पुढे फार कामाला येतं. आंघोळ, दवाखाना, बँकेची सही, सगळं त्या वेळेला बसवता येतं. वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या गोळ्यांची यादी करा. आयुर्वेदिक काढे, झोपेची गोळी, शेजारणीने दिलेली सांधेदुखीची गोळी, सगळं त्यात आलं पाहिजे.

अचानक की हळूहळू?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबते.

म्हातारपणी मन बिघडल्यासारखं दिसण्याची तीन मोठी कारणं असतात आणि बाहेरून ती एकमेकांसारखी दिसतात.

पहिलं, अचानक येणारा गोंधळ. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. काल संध्याकाळपर्यंत पेपर वाचणारं माणूस आज सकाळी घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर माणसं चढताना दिसतात, मध्येच गुंगीत जातं, दोन तासांनी बरं बोलतं, रात्री पुन्हा सुरू. हे काही तासांत किंवा दिवसांत होतं आणि चढउतार होत राहतात. याचं मूळ बहुतेक वेळा शरीरात असतं: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, साखर खाली जाणं, लघवी तुंबणं, साधा बद्धकोष्ठ, नवीन औषध, मोठं ऑपरेशन. डोक्याला लागलं असेल तर रक्तस्राव हळूहळू साठून काही आठवड्यांनीही असा गोंधळ होऊ शकतो, म्हणून बाथरूममध्ये पडल्याची तारीख वहीत हवीच. डेलिरियम ही तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी दवाखाना.

सासूबाईंच्या तिसऱ्या वर्षी हे आमच्याकडे झालं. दोन दिवस त्या नुसत्या झोपून होत्या, मधून उठून हवेत काहीतरी वेचत होत्या. ज्या दवाखान्यात नेलं तिथे पाच मिनिटांत सांगितलं, “आजी, वय काय आता, आजार वाढतोय, घरीच ठेवा.” आम्ही घरी आणलंही. रात्रभर माझ्या डोक्यातून गेलं नाही की परवापर्यंत या पोळी लाटत होत्या. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, लघवी आणि रक्त तपासलं. जंतुसंसर्ग होता आणि सोडियम बरंच खाली होतं. सहा दिवसांनी सासूबाई परत स्वयंपाकघरात उभ्या होत्या, मीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारत. म्हणून सांगते, “आजार वाढतोय” हे उत्तर तपासणीआधी मिळालं तर ते घेऊ नका.

दुसरं, उदासी. म्हातारी माणसं “मला उदास वाटतं” असं म्हणत नाहीत. आमच्या पिढीआधीच्यांना तर हा शब्द चैनीचा वाटतो. ती म्हणतात, अंग मोडून आलंय, पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडाच. देवपूजा सुटते. नातवाच्या बारशालाही “तुम्ही जाऊन या” म्हणतात. “मी आता ओझंच” हे वाक्य वारंवार यायला लागतं. उदासीत विसरायलाही होतं, त्यामुळे घरचे विस्मरणाचा आजार समजून बसतात. जोडीदार गेल्यावर, निवृत्तीनंतर, खुब्याच्या ऑपरेशननंतर, गाव सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर हे विशेष दिसतं. दुःख होणं साहजिक आहे. पण काही आठवडे उलटूनही खाणं-झोप-माणसं यांपैकी काहीच जागेवर येत नसेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. उतारवयातली उदासी उपचारांनी चांगली सुधारते. ही गोष्ट मी जमेल तिथे सांगत असते.

तिसरा, विस्मरणाचा आजार. तो हळूहळू येतो, महिन्या-वर्षांच्या चालीने. देशपातळीवरच्या ‘लासी-डॅड’ या अभ्यासाने साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज दिला आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पण तेच उलटं वाचा: साठीपुढच्या शंभरांतल्या ब्याण्णव माणसांना तो नाही. विसरणं म्हणजे म्हातारपण, हे समीकरण खरं नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि हातात चष्मा धरून तो कशासाठी असतो हे न उमगणं वेगळं. चहा करताना साखर विसरणं वेगळं आणि चाळीस वर्षं केलेला चहा कसा करायचा हेच न सुचणं वेगळं.

तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्रही असू शकतात. विस्मरण असलेल्याला उदासी येते, त्यातच जंतुसंसर्गाने गोंधळ वाढतो. म्हणून रोग घरी ठरवायचा नाही. आपण फक्त अचानक की हळूहळू, एवढं नेमकं सांगायचं.

डॉक्टरांकडे जाताना

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. ते घरातलं सगळं ओळखतात आणि शुभार्थींचा त्यांच्यावर विश्वास असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, थायरॉइड, बी-१२, किडनीचं काम आणि लघवी, एवढ्या तपासण्यांबद्दल विचारा. बी-१२ कडे लक्ष ठेवा, विशेषतः घर शाकाहारी असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर. बी-१२ कमी पडलं की विसरणं, चिडचिड, हातापायांना मुंग्या, असं सगळं होऊ शकतं.

गोळ्यांची सगळी पिशवीच उचलून न्या. झोपेच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो आणि डोकं गढूळ होतं. वर्षानुवर्षं कुणीतरी एकदा लिहून दिलेली गोळी मेडिकलवाल्याकडून आणून घेतली जाते. मात्र ती स्वतःहून एकदम बंदही करू नका, त्यानेही त्रास होतो. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

कान आणि डोळे तपासा. हे मी कळकळीने सांगते. ऐकू येत नसलेलं माणूस आधी बोलणं कमी करतं, मग कट्ट्यावर जाणं सोडतं, मग “माझ्याबद्दलच बोलताय ना?” असा संशय घ्यायला लागतं. डिमेन्शियाविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या मंडळाने २०२४ मध्ये जी टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यांत श्रवणदोष आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपण आणि उदासीही आहेत. श्रवणयंत्र घ्यायला नकार मिळेल. मिळाला तर रोज अर्धा तास, फक्त कीर्तन किंवा बातम्या ऐकताना लावू या, इथून सुरुवात करा.

मनाच्या डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली की घरात वादळ होतं. “मी काय वेडा झालोय?” माझ्या नणंदेने सासऱ्यांना एका वाक्यात पटवलं होतं: “अण्णा, झोप लागत नाही ना? झोपेच्या डॉक्टरांना दाखवू.” ते खोटं नव्हतं. झोप हा त्यांच्याच कामाचा भाग आहे. फसवून मात्र नेऊ नका. ‘चल, देवळात जाऊ’ म्हणून दवाखान्यात नेलेलं माणूस पुढच्या वेळी देवळातही येत नाही.

उदासीची औषधं लगेच लागू पडत नाहीत. दोन-चार आठवडे तरी जातात, म्हातारपणी कधी त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात “काही फरक नाही” म्हणून सोडणारी घरं मी बरीच पाहिली. औषध सुरू केल्यावर गुंगी किंवा गोंधळ वाढला तर मात्र लगेच कळवा, कारण यातल्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं.

गावात मनाचे डॉक्टर नसतील तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तिथे मानसोपचाराची ओपीडी असते. आणि १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. शुभंकरांनीही करायला हरकत नाही. रात्री दीडला ज्याला फोन करावा असं कुणी नसतं, तेव्हा हा असतो.

दिवसाची घडी

यावर फार लिहीत नाही, कारण प्रत्येक घर वेगळं. पण तीन गोष्टी आमच्याकडे खऱ्या उपयोगी पडल्या.

उजेड. सकाळी अर्धा तास गॅलरीत किंवा अंगणात उन्हात बसवायचं, आणि संध्याकाळी अंधारून यायच्या आधीच घरातले दिवे लावायचे. रात्री बाथरूमच्या वाटेवर एक छोटा दिवा.

काम. “आई, तुम्ही बसा, मी करते” हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य माणसाला निकामी करतं. सासूबाईंना मी मेथी निवडायला द्यायचे. शेवटी शेवटी त्या देठ ठेवायच्या आणि पानं टाकायच्या. मी रात्री पुन्हा निवडायचे. पण दुपारचा एक तास त्यांचे हात चालायचे आणि चेहरा शांत असायचा. वाटाणे सोलणं, वाती वळणं, धुतलेल्या पंचांच्या घड्या, जे हातात मुरलेलं आहे ते द्या. ज्यांचं डोकं शाबूत आहे त्यांना तर खरं काम द्या: किराण्याचा हिशेब, नातवाचे पाढे, वीजबिल. स्वतःच्या खर्चाचे थोडे पैसे हातात राहू द्या. भाजीवाल्याला स्वतःच्या हाताने पैसे देणं म्हाताऱ्या माणसाला फार उभारी देतं.

माणसं. ज्येष्ठ नागरिक संघ आता लहान गावांतही आहेत, त्यांचा राज्यभरचा महासंघ ‘फेस्कॉम’. पहिल्या दिवशी नुसतं सांगून कुणी जात नाही. आपण बरोबर जायचं, बसायचं, आणि दोन ओळखी करून देऊन निघायचं. चालता येत नसेल तर एका मित्राला आठवड्याचा ठरलेला वार लावून द्या. गुरुवारी चारला जोशीकाका येणार, हे कळलं की बुधवारपासून दाढी होते.

संध्याकाळची पिशवी

विस्मरणाच्या आजारात तिन्हीसांजेला जीव कालवतो, पुष्कळांचा. सासूबाई रोज साडेसहाच्या सुमाराला कापडी पिशवीत एक लुगडं, कुंकवाची डबी आणि कधी टीव्हीचा रिमोट भरून दारात यायच्या. “मला घरी जायचंय.”

पहिलं वर्ष मी समजावत बसायचे. “आई, हेच तुमचं घर. बघा, हा तुमचा फोटो.” त्या रडायच्या, मग ओरडायच्या, एकदा त्यांनी मला ढकललं. मला वाटायचं मी खरं सांगतेय, तर त्यांना का कळत नाही. जे खरं सांगून पटत नाही ते पुन्हा पुन्हा सांगणं हा छळच होतो, त्यांचाही आणि आपलाही.

एक दिवस दमून मी विचारलं, “घरी कोण आहे?” त्या म्हणाल्या, “तुळशीला दिवा लावायचा राहिलाय. आई रागावेल.” त्या ऐंशीच्या, त्यांची आई जाऊन पन्नास वर्षं झालेली. मी म्हटलं, “चला, आधी इथल्या तुळशीला लावू, मग निघू.” गॅलरीत तुळस होतीच. त्यांनी वात लावली, हात जोडले, पदर डोक्यावर घेतला आणि आत येऊन खुर्चीवर बसल्या. पिशवी दारातच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सव्वासहाला, पिशवी भरायच्या आधीच, आम्ही तुळशीला दिवा लावायला लागलो. रोज जमलं असं नाही. पण आठवड्यातले चार-पाच दिवस तरी.

यातून जे हाताला लागलं ते असं: त्यांच्या बोलण्यातली माहिती दुरुस्त करायला जाऊ नका, त्यामागची ओढ काय आहे ते विचारा. “घरी जायचंय” म्हणजे कधी भीती, कधी लघवी लागलेली, कधी नुसती भूक. “पाकीट चोरलं” म्हटलं तर “कोण चोरणार तुमचं!” म्हणू नका, “चला, दोघी शोधू” म्हणा. समोर, डोळ्यांच्या पातळीला बसून बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. “आंघोळ, मग नाश्ता, मग दवाखाना” ही गाडी त्यांच्या डोक्यात लावता येत नाही. आणि त्या खोलीत असताना त्यांच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलू नका. समजत नाही असं आपल्याला वाटतं, पण आवाजातला कंटाळा शेवटपर्यंत समजतो.

आता तुमचं

इथवर वाचताना तुम्ही आई-वडिलांसाठी टिपणं काढली असतील. आता स्वतःसाठी काढा.

आपल्याकडे सांभाळणारी बहुतेक बाई असते, सून किंवा मुलगी. पुष्कळ घरांत तर ती स्वतःच सत्तरीची बायको असते, जिचे गुडघे गेलेत आणि जी नवऱ्याला रोज उचलून खुर्चीत बसवते. तिला कुणी शुभंकर म्हणत नाही, कारण “ती बायकोच आहे.” तुमच्या घरात अशी आई असेल तर वडिलांबरोबर तिचीही वही सुरू करा.

धोक्याच्या खुणा सांगते, माझ्यावर आलेल्या. झोप मिळाली तरी न लागणं. जेवण उभ्याने. मैत्रिणींचे फोन न उचलणं. आपली रक्तदाबाची गोळी विसरणं, त्यांची मात्र कधीच नाही. आणि एका रात्री चौथ्यांदा चादर बदलताना मी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की सकाळी तिथे निळं दिसलं. ते मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. “यातून सुटका कधी होईल” असा विचार मनात आला की आपण राक्षस आहोत असं वाटतं. तसं नसतं. शुभंकरांच्या कुठल्याही गटात हा विचार बोलून दाखवा, दहापैकी आठ माना हलतात. पण हात उगारावासा वाटला, तर ते थकवा हद्दीबाहेर गेल्याचं लक्षण आहे. त्या क्षणी ते सुरक्षित आहेत एवढं बघून खोलीबाहेर या, पाणी प्या, आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सांभाळणाऱ्यावर किती भार आहे हे मोजायला बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली असते, डॉक्टरांकडे मागता येते. मला ती भरायला लावली तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी ठीक नव्हते.

करायचं काय?

झोप आधी. आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या खोलीत झोपायचं. नवऱ्याने, मुलाने, पैसे देऊन ठेवलेल्या बाईने. झोप नसेल तर वर सांगितलेलं बोलण्याचं शहाणपण एकही कामाला येत नाही.

मग घरची बैठक. ती फोनवर, एकेकाशी, रडत करू नका. सगळ्यांना एका वेळी बसवा, लांबच्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि वही समोर ठेवा. “मला मदत करा” म्हटलं की सगळे “हो हो” म्हणतात आणि काहीच होत नाही. नावाने आणि तारखेने मागा. आमच्याकडे ठरलं ते असं: दिराने, जो अमेरिकेत असतो, रात्रीच्या बाईचा पगार आणि औषधांच्या ऑनलाइन ऑर्डरी सांभाळायच्या, आणि रोज आपल्या सकाळी नऊला आईशी पंधरा मिनिटं बोलायचं. सल्ले द्यायचे नाहीत. नणंदेने दर दोन महिन्यांनी चार दिवस येऊन राहायचं, आणि त्या चार दिवसांत मी घरात थांबायचं नाही. पहिल्या वेळी मी माहेरी जाऊन सलग अकरा तास झोपले. उठले तेव्हा आई उशाशी बसलेली, तिला वाटलं मी आजारी आहे.

परदेशात असलेल्यांना एक सांगते. तुम्हाला अपराधी वाटतं हे कळतं. पण त्यापोटी सुट्टीत येऊन दहा दिवसांत सगळी औषधं, बाई आणि डॉक्टर बदलू नका. आल्यावर शुभंकराला बाहेर पाठवा आणि स्वतः रात्र काढा. मग बोला.

बाई ठेवताना ब्युरोतून घ्या किंवा ओळखीतून, पण ओळखपत्राची प्रत घ्या, पोलिसांकडे पडताळणी करा, आणि पहिले आठ दिवस घरात कुणीतरी असू द्या. कामाची यादी लिहून द्या. तिला बसायला जागा, वेळेवर चहा-जेवण आणि महिन्याच्या सुट्ट्या द्या. वाईट वागवलेली बाई तोच राग म्हाताऱ्या माणसावर काढण्याची भीती असते. कॉट, वॉकर, कमोडची खुर्ची विकत घ्यायची घाई नको. बऱ्याच गावांत सामाजिक संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, थोड्या अनामतीवर मिळतं.

आणि गट शोधा. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ, ठाण्यातली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, अशा ठिकाणी शुभंकर एकमेकांना भेटतात. जवळपास नसेल तर चार घरं मिळून महिन्यातून एकदा बसा. आम्ही सांगलीत असंच सुरू केलं, पाच बायका आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. बेडसोर, म्हणजे एकाच अंगावर पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची हे मी त्या पोस्टमास्तरांकडून शिकले.

कागद आणि पैसा

हे लवकर करा, शुभार्थींना समजतंय तोवर. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्या माणसाची समज गेली की कायद्याने ते चालत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं. बँक खातं संयुक्त करणं, वारस नोंदी, मृत्युपत्र, सगळं त्यांच्या मर्जीने आणि त्यांच्या समोर. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरून देता येतो.

सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. ओपीडी आणि महिन्याच्या गोळ्या त्यात नाहीत. खासगी विमा असेल तर लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांप्रमाणेच विमा द्यावा लागतो. याच कायद्याने आपल्या उपचारांबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो.

इथे थांबायचं नाही

“आता जगून काय करायचं”, “माझ्या गोळ्या एकदम घेतल्या तर?”, दागिने वाटून टाकणं, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलणं. म्हाताऱ्या माणसाचं असं बोलणं ‘तेवढ्यापुरतं’ समजून सोडू नका. शांतपणे स्पष्ट विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट होते. गोळ्या कुलपात ठेवा, शेतीचं घर असेल तर कीटकनाशक घराबाहेर, आणि एकटं सोडू नका. १४४१६ वर फोन करा, जिवाला धोका दिसत असेल तर ११२ किंवा सरळ दवाखाना. हेच सगळं शुभंकरालाही लागू आहे.

घरात कुणी म्हाताऱ्यांना मारत असेल, उपाशी ठेवत असेल, सह्या घेत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची ‘एल्डरलाइन’ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. शेजाऱ्यांनीही फोन केला तरी चालतो.

नंतर

सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मला वाटलं आता झोपेन. पहाटे तीनला जाग येतच राहिली. घरातलं माणूस गेलं आणि दिवसाचं कामही गेलं, दोन्ही एकदम. लोक “सुटलीस” म्हणाले, त्यात वाईट हेतू नव्हता, पण मला ते लागलं. अशा वेळी गटात जाणं बंद करू नका, निदान वर्षभर. आणि दिवसातली जी वेळ सगळ्यात अवघड जाते, त्या वेळेला काहीतरी बांधून घ्या.

माझी वेळ साडेसहाची. त्या शिक्षिका मुलीच्या वडिलांना विस्मरणाची सुरुवात आहे, असं मिरजेच्या डॉक्टरांनी आता सांगितलंय. बी-१२ ही बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला मी त्यांच्याकडे जाऊन बसते, तेवढ्यात ती आणि तिची आई दोघी आमराईत एक चक्कर मारून येतात. बाबा मला ‘बाई’ म्हणतात, त्यांच्या शाळेतल्या कुणी बाई असाव्यात. मी हो म्हणते आणि आम्ही शेंगा सोलतो.